पिठूर

कोजागिरीला भंडारदऱ्याला जायचं ठरलं ते माझ्या चित्रासाठी नव्हतं. दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं, आम्ही तिघं आणि आटवलेल्या दुधाचं भलंमोठं पातेलं, असा तो बेत. नाशिकहून घोटीमार्गे दोन तासांचा रस्ता. मी आपलं स्केचबुक, तांबूस खडू आणि टॉर्च पिशवीत टाकून ठेवलं. दीड वर्ष तैलरंग शिकत होते. सुरई, पेरू आणि पितळी घंगाळ रंगवून जीव विटला होता. डोंगरातला तलाव, वर चंद्र, पाण्यात त्याचा लांबलचक पट्टा, हे चित्र डोक्यात तयारच होतं. नुसतं जाऊन उतरवून आणायचं, एवढंच काय ते बाकी.

आम्ही उतरलो होतो मुतखेलच्या बाजूला, पाण्यालगतच्या तंबूंत. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं आणि त्यामागच्या पाण्याचं कागदोपत्री नाव ऑर्थर लेक, पण काठावरची माणसं त्याला नुसतं 'धरण' म्हणतात. दिवसाउजेडी जागा बघून ठेवली. समोर घाटघरकडचे डोंगर, डावीकडे रतनगड आणि त्याच्या शेजारचा खुटा नावाचा सुळका. कॉलेजात असताना रतनगडावर दोनदा गेले होते. माथ्यावरच्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, बसून खाल्लेली भेळ अजून आठवते. कळसूबाई मागे उजव्या अंगाला. तिचा या चित्राशी संबंध नव्हता.

रात्री बाराला दूध झालं. वाटीत चंद्र बघायचा कार्यक्रम झाला. तो वाटीत अगदी मधोमध दिसत होता, आणि तेव्हाच खरं तर माझ्या लक्षात यायला हवं होतं. स्केचबुक घेऊन मी पाण्याकडे गेले, तर पाण्यावर काहीच नाही. उजेड भरपूर, डोंगर दिसतायत, पाणीही राखाडी दिसतंय, पण पट्टा नाही. मी काठाकाठाने पन्नास पावलं इकडे गेले, पन्नास तिकडे. पट्टा जागा बदलली म्हणून सापडणार होता थोडाच.

तंबूवाले मामा शेकोटी विझवत होते. त्यांनी माझी येरझार बघितली असणार.

"काय हारवलं का, मॅडम?"

"चंद्र पाण्यात कसा दिसत नाही, मामा?"

"तो डोक्याव हाये ना आता. पाण्यात पडाया पाच वाजत्याल. निजा तवर."

गोष्ट साधी आहे. कोजागिरीचा चंद्र आपल्याकडे मध्यरात्री जवळजवळ थेट डोक्यावर असतो. म्हणूनच तो हातातल्या वाटीत दिसतो आणि दूरच्या पाण्यावर दिसत नाही. पट्टा पडायचा तर चंद्र खाली उतरायला हवा, आणि तो नेमका आपल्या समोरच्या दिशेला उतरायला हवा. कॅलेंडरांवरच्या सगळ्या चित्रांत ही सोय आधीच केलेली असते, त्यामुळे आपल्याला कधी प्रश्न पडत नाही.

साडेचारला उठले. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद रबरबँडने लावला होता. ही आमच्या सरांची शिकवण. डोळ्याला अंधाराची नीट सवय व्हायला अर्धा तास लागतो, आणि मधेच पांढरा उजेड पडला की मुसळ केरात. लाल उजेडाने ती सवय मोडत नाही. सर जे सांगायला विसरले आणि मला सुचलं नाही ते असं, की लाल उजेडात पांढऱ्या कागदावरचा तांबूस खडू दिसतच नाही. मी रेघ ओढायची आणि ती गायब. खडूच संपला की काय म्हणून मी दाबून ओढत राहिले. घरी येऊन बघितलं तर एकाच पानावर तीन डोंगररांगा एकमेकींवर चढलेल्या, आणि त्यांच्या उरावर मीच लिहिलेल्या सूचना. त्यांतली एक मात्र नीट वाचता आली: 'डोंगर काळे नाहीत.'

तेच त्या रात्रीचं मोठं आश्चर्य होतं. दूरचे डोंगर आकाशाहून जेमतेम एका छटेने गडद होते. जवळची, झाडी असलेली टेकडी तेवढी खरी गडद. डोंगर कुठे संपतो आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब कुठे सुरू होतं हे कळत नव्हतं. पलीकडच्या काठाला कुठेतरी वाऱ्याने पाणी जरा खरवडलं जाई तेव्हा तिथे एक बारीक उजळ रेघ उमटायची, आणि त्या रेघेवरून समजायचं की काठ इथे आहे. वारा पडला की चंद्राचा पट्टा आखडून चिंचोळा व्हायचा, झुळूक आली की त्याचा चुरा होऊन रुंद पसरायचा. डोंगराच्या अगदी पायथ्याशी तो पोचत नव्हता. मधे काळसर पाण्याची एक पट्टी राहत होती.

आणखी एक. थंडी वाजते म्हणून मुलगा लाल जॅकेट घालून माझ्याबरोबर आला होता. ते जॅकेट काळंकुट्ट दिसत होतं. त्याच्या पायाशी मामांची निळी बादली होती, ती मात्र चक्क उजळ. दिवसा उलट असतं, लाल जॅकेट मैलभरावरून दिसतं. एकोणिसाव्या शतकात बोहेमियातल्या पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञाने हे नोंदवून ठेवलंय, म्हणून याला त्याचंच नाव आहे. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या वेगळ्या पेशी कामाला लागतात. त्यांना लाल जवळजवळ दिसत नाही आणि निळ्या-हिरव्याकडे त्यांचा ओढा जास्त. हे मी नंतर वाचलं. तेव्हा नुसतं बादलीकडे बघत बसले होते.

सव्वापाचच्या पुढे पूर्व फिकट व्हायला लागली आणि सगळं बिघडलं. म्हणजे दिसायला सुंदरच, पण चांदणं गेलं. मला मिळाली ती जेमतेम पाऊण तास.

घरी आल्यावर मी जे रंगवलं त्यात या पाऊण तासातलं जवळजवळ काही नव्हतं.

कॅनव्हास १८ बाय २४ इंचांचा. प्रशियन ब्लू सढळ हाताने घेतला. हा रंग फार आगाऊ आहे. तांदळाएवढा घेतला तरी अख्खं पॅलेट त्याचं होतं, आणि दोन दिवस नखांतून जात नाही. आकाश निळं, पाणी निळं, डोंगर आणखी निळे. चंद्र रुपयाच्या नाण्याएवढा. खरंच नाणं ठेवून गोल आखला होता. आकाशात चांदण्या. पट्टा डोंगराच्या पायथ्यापासून निघून कॅनव्हासच्या खालच्या कडेपर्यंत, रंगाऱ्याने मारावा तसा. आणि रतनगडाच्या माथ्यावर नेढ्याच्या जागी एक बारीकसा उजेडाचा ठिपका. त्या ठिपक्यावर मी विशेष खूश होते.

आमचे सर कोल्हापूरकडचे, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. गच्चीवरच्या खोलीत आम्हा सात-आठ जणांचा वर्ग घेतात. चित्र आवडलं नाही की ते बोलत नाहीत, प्रश्न विचारतात. ब्रशचा दांडा उलटा धरून त्यांनी एकेका जागेवर टेकवला.

"ताई, किती वाजता बघितलं हे?"

"पाच वाजता पहाटे."

"पौर्णिमेला एवढ्या चांदण्या होत्या?"

नव्हत्या. चंद्राच्या उजेडात ठळक चार-पाच काय त्या.

"आणि हे भोक कशाचं?"

"नेढं आहे, सर. रतनगडाचं."

"ते ठाऊक आहे मला. दिसलं का?"

दिसलं नव्हतं. दिसणं शक्यच नव्हतं. मला ते तिथे आहे हे माहीत होतं, म्हणून मी काढलं. असं एकेक करत दांडा सगळ्या कॅनव्हासवर फिरला. माझ्या चित्रात जे जे होतं ते मला माहीत असलेलं होतं. बघितलेलं फार थोडं. चंद्रावर येऊन दांडा थांबला.

"हात लांब करून करंगळी धरली तर नखाआड दोन चंद्र मावतात. रुपया कशाला चिकटवलाय?"

मी घरी हिशेब केला. माझ्या कॅनव्हासची रुंदी साधारण पन्नास अंशांचा देखावा धरते, चंद्र आकाशात अर्ध्या अंशाचा, म्हणजे चित्रात पाव इंच. तुरीच्या दाण्याएवढा. इतका लहान? पण तसाच होता तो.

मग सरांनी मला एक कंटाळवाणं काम दिलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्या प्रकरणात तेच कामी आलं. पुठ्ठ्यावर नऊ घरं आखायची, पहिलं शुभ्र, नववं काळं, मधली पायरीपायरीने. मग नियम असा: चंद्र पहिल्या घरात. पाण्यावरचे मोजके फटकारे दुसऱ्या-तिसऱ्यात. चार आणि पाच जवळजवळ सोडून द्यायची. उरलेलं अख्खं चित्र, आकाश, डोंगर, पाणी, काठ, सगळं सहा ते नऊ या चार घरांत बसवायचं. ऐकायला सोपं वाटतं. चार घरांत तीन डोंगररांगा वेगळ्या दाखवताना घाम फुटतो. जरा उजळ केलं की संध्याकाळ होते, जरा गडद केलं की भोक पडतं.

दुसरा कॅनव्हास घेतला. या वेळी निळ्याला हात लावायचा नव्हता. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर सगळीकडे फासला, आणि ओला असतानाच नवऱ्याच्या जुन्या बनियनच्या चिंधीने उजेडाच्या जागा पुसून काढल्या. या कामाला बनियनसारखी चिंधी नाही, धागे सोडत नाही. बोटाला चिंधी गुंडाळून चंद्राच्या जागी एकदा दाबलं आणि फिरवलं, की तपकिरीतून कॅनव्हासचा पांढरा वर येतो. पाण्यावर आडवे दोन-तीन पुसट हात. वीस मिनिटांत एक तपकिरी रात्र तयार झाली. नंतरच्या दोन महिन्यांत जे केलं त्याहून ती मला आजही जास्त आवडते, तिचा फोटो ठेवलाय.

अंबर लवकर वाळतो, त्यातल्या मँगनीजमुळे. दुसऱ्या दिवशी हाताला लागत नव्हता. तैलरंग वाळतो म्हणजे त्यातलं काही उडून जातं असं नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होत जातं. म्हणून खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा त्याहून जास्त तेलाचा, हा क्रम पाळायचा. उलट केलं की वरचा थर आधी आवळतो, खालचा अजून हलत असतो, आणि रंगाला भेगा जातात. माझ्या एका पेरूला गेल्यात. जाता जाता एक सांगून ठेवते: तेलाच्या चिंध्या चुरगळून डब्यात कोंबू नका. हे घट्ट होणं म्हणजे उष्णता तयार होणं, आणि अशा बोळ्यांनी आपोआप पेट घेतलेला आहे. सर त्या पसरून वाळवायला लावतात किंवा पाण्याच्या डब्यात टाकतात.

रंगांचा थर सुरू केला तोवर दिवाळी आठवड्यावर आली होती. घरात एकीकडे चकलीची भाजणी आणि दुसरीकडे टर्पेंटाइन. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या खोलीचं दार जाता-येता लावून घेत राहिल्या. आकाशाचा पहिला हात पूर्ण ओला होता त्या दिवशी नवऱ्याने उत्साहाने शेजारच्या खोलीतली जळमटं काढली. पंखाही पुसला. संध्याकाळी बघते तर माझ्या आकाशभर केस, धूळ आणि कोळ्याच्या जाळ्याचा एक लांब तुकडा, ऐन चंद्राशेजारून गेलेला. चिमट्याने एकेक काढत रात्री एक वाजला. जिथे जिथे चिमटा टेकला तिथे खळगा. दुसऱ्या दिवशी ते आकाश सुरीने खरवडून टाकलं. आमच्यात दोन दिवस बोलणं नव्हतं, पण त्याचा तरी काय दोष म्हणा, दिवाळीला जळमटं नाही काढायची तर कधी.

नवीन आकाशाला काळा रंग ट्यूबमधून घेतलाच नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर समसमान मिसळले की जवळजवळ काळं होतं, आणि त्याला आपल्याला हवं तिकडे झुकवता येतं, थोडा निळा जास्त म्हणजे थंड, थोडा अंबर जास्त म्हणजे ऊबदार. चंद्राजवळ ऊबदार, लांब जाऊ तसं थंड. चंद्राभोवतीचं तेज काढताना आधी मी वर्तुळं काढली, तर ते नेमबाजीच्या फळीसारखं दिसायला लागलं. मग सगळं ओलं असताना कोरड्या मऊ ब्रशने, जवळजवळ वजन न देता, आडवं-उभं फिरवून कडा मोडल्या. दर दोन-तीन हातांनंतर ब्रश पुसायचा. न पुसलेल्या ब्रशने चंद्राची घाण गावभर होते.

तरीही चित्र निळंच होतं. आता आगाऊ निळं नव्हतं, पण निळं. मी सरांशी वाद घातला. पुर्किन्येचं नाव सांगितलं, बादलीची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बादली निळी होती, म्हणून उजळली. डोंगरबी निळा होता काय? आणि मराठीत त्याला पिठूर चांदणं म्हणतात, ताई. निळं चांदणं म्हटलेलं कधी ऐकलंय? मग पीठ कुठाय तुमच्या चित्रात?"

हे बोलून ते खाली चहाला गेले.

मला ते शब्दांचे खेळ वाटले. शब्दावरून का कुणी रंग कालवतं? पण त्याच आठवड्यात रात्री पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात दिवा लावला नव्हता, बाहेरच्या पॅसेजमधला उजेड तेवढा खिडकीतून येत होता. काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर संध्याकाळच्या भाकऱ्यांचं पीठ पुसायचं राहिलं होतं. ज्वारीचं. मधे दाट, कडेला विरळ होत होत काळ्यात मिसळून गेलेलं. त्याची कड कुठे होती ते दाखवता आलं नसतं. आणि ते पांढरं नव्हतं, निळंही नव्हतं. मळकट, किंचित पिवळसर राखाडी, पण काळ्या दगडावर थंड वाटत होतं. मी त्याच्यावर बोट फिरवून एक रेघ ओढली. बोटाखालून काळा ओटा वर आला. दूरच्या काठाची उजळ रेघ आणि तिच्यामागचा काळोख, फक्त उलटा.

ओटा तसाच ठेवून झोपले. सकाळी सासूबाईंनी पुसला, आणि मला ऐकवलंही.

त्यानंतरचं मिश्रण असं झालं: अल्ट्रामरीन, बर्न्ट अंबर, पांढरा, आणि सुईच्या टोकावर राहील एवढा यलो ऑकर. हे राखाडी एकटं बघितलं तर कपभर धुणं धुतलेल्या पाण्यासारखं वाटतं. पण भोवतीच्या गडदावर लावलं की आपोआप चांदण्याकडे झुकतं. निळा वाटावा म्हणून निळा लावायची गरज नव्हती, भोवतालच्या तपकिरीने ते काम फुकटात केलं. म्हणजे सर बरोबर होते आणि पुर्किन्येही खोटा नव्हता, पण हे मी सरांना सांगितलं नाही.

डोंगर या राखाडीच्या चार छटांत बसले. मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढून पुठ्ठ्याच्या घरांशी ताडून बघायचे. फोटोत दोन रांगा एक झाल्या की परत. काठाचा चिखल, झुडपं, मामांच्या तंबूंचे त्रिकोण, सगळं काढलं होतं ते एकेक करून अंधारात बुडवलं. रतनगडाचा नुसता आकार राहिला, खुट्याचा उभा दात राहिला. नेढ्याच्या जागी डोंगराचाच रंग लावला. तो लावताना हात जरा अडखळला.

मधे एक दिवस चित्र मेलं. म्हणजे अंबरच्या जागा वाळून निस्तेज, खडूसारख्या झाल्या, आणि अल्ट्रामरीनच्या जागा ओल्यासारख्या चमकत राहिल्या. खालचा थर वरचं तेल पिऊन टाकतो तेव्हा असं होतं. थोडं जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये घालून चिंधीने अगदी पातळ पुसलं, अंधार परत आला. गडद चित्राचा दुसरा छळ म्हणजे ट्यूबलाइट. ओल्या काळ्यात ती आरशासारखी दिसते. ईझल भिंतीकडे तिरपं करून, मान वाकडी करून महिनाभर काम केलं.

त्या दिवसांत सर एकदा कुइंजी या रशियातल्या चित्रकाराबद्दल बोलले. १८८० साली त्याने नीपर नदीवरच्या चांदण्या रात्रीचं एकच चित्र सेंट पीटर्सबर्गला अंधाऱ्या दालनात दिव्याच्या उजेडात मांडलं. लोकांची रीघ लागली, काही जण चित्रामागे दिवा तर नाही ना हे डोकावून बघत. पुढे त्याचे रंग काळवंडले. सरांना चित्राहून ते काळवंडणं सांगायचं होतं, स्वस्तातले रंग आणू नका म्हणून. शेवटी म्हणाले, आमच्या आबालाल रहिमानांनी कोल्हापुरात कोटितीर्थाचं तळं किती वेळा रंगवलं असेल, तुम्ही दुसऱ्या कॅनव्हासला दमता.

चंद्र सगळ्यात शेवटी. पांढरा रंग तोवर चित्रात कुठेही शुद्ध वापरला नव्हता. टायटॅनियम व्हाइटमध्ये ऑकरचा स्पर्श, ब्रशच्या टोकावर रंगाचा छोटा गोळा उचलला आणि एकदाच ठेवला. परत हात लावला नाही. तुरीचा दाणा. मग पाण्यावर चपट्या ब्रशने आडवे तुकडे, जवळ मोठे, लांब जाताना बारीक, आणि डोंगराखाली काळी पट्टी सोडून थांबले. नऊ फटकारे. मोजले होते, कारण सरांनी दहाच्या आत म्हटलं होतं. दहावा मारायची फार इच्छा होती.

सरांनी बघितलं, दांडा उलटा धरला, आणि कुठेच टेकवला नाही. "वार्निश सहा महिन्यांनी," एवढंच म्हणाले.

सहा महिने होऊन गेल्यावर, पावसाच्या तोंडावर, काजवे बघायला आम्ही परत मुतखेलला गेलो. पाणी खूप खाली गेलं होतं, आम्ही दूध प्यायलो ती जागा काठापासून लांबच्या लांब राहिली होती. मामांना मोबाइलवर चित्र दाखवलं. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, मग दोन बोटांनी मोठं करून डावीकडे सरकवलं.

"हा रतनगड ना?"

"हो."

"मंग नेढं कुटंय?"

"मामा, रात्री इथून दिसत नाही ते."

मामांनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा डोंगराकडे. अंधार पडला होता.

"आमाला दिसतंय की," म्हणाले, आणि फोन परत दिला.